मिस कर्नाटक कोण ठरवतं? टीव्हीवरची सौंदर्यस्पर्धा आतून

कोरमंगलाहून मी पुन्हा तुमच्यासमोर आलोय. आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना निवृत्तीनंतर हे काय सुचलं! विषय आहे सौंदर्यस्पर्धा. राज्याच्या नावाने होणारी, टीव्हीवर दिसणारी. ती भरवतं कोण, मुली निवडतं कोण, पैसा कुठून येतो आणि मुकुट डोक्यावर आल्यावर पुढे काय होतं, हे आज पाहू.

विषय माझ्याकडे चालत आला. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या एक वहिनी संध्याकाळी घरी आल्या. कुटुंब मूळचं निपाणीचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वहिनींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर मजकूर होता: अभिनंदन, राज्यस्तरीय अंतिम फेरीसाठी तुमची निवड झाली आहे, सोहळा टीव्हीवर दाखवला जाईल, जागा निश्चित करण्यासाठी चार दिवसांत ग्रूमिंगचे ६५,००० रुपये भरावेत. मुलीने एका मॉलमधल्या टेबलावर फॉर्म भरला होता आणि दोन फोटो दिले होते. तेवढ्यावर निवड.

वहिनींनी विचारलं, "भाऊजी, आरडी मोडू का?"

माझं पहिलं उत्तर चुकीचं होतं. मी म्हणालो, "कशाला हवंय हे सगळं?" मुलगी दारातच उभी होती. ती म्हणाली, "काका, एसएसबीत चार वेळा नापास होऊन पाचव्यांदा जाणाऱ्या मुलाला तुम्ही असं विचारता का?"

मी गप्प बसलो. कारण विचारत नाही. उलट त्याची पाठ थोपटतो. मग ठरवलं, हवं की नको हे तिचं ती बघेल. आपण निदान हे यंत्र चालतं कसं ते समजून घेऊ. चार दिवस हातात होते. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मुकुट कोणाच्या मालकीचा

पहिला गैरसमज काढून टाकू. 'मिस कर्नाटक' किंवा 'मिस महाराष्ट्र' राज्य सरकार नेमत नाही. रणजी संघामागे राज्याची क्रिकेट संघटना असते आणि तिच्यावर देशाचं मंडळ असतं. सौंदर्यस्पर्धेला असं एक मंडळच नाही. इथे असतात खासगी मालकीची नावं आणि त्या नावांचे परवाने.

मिस वर्ल्ड ही स्पर्धा १९५१ मध्ये लंडनमध्ये एरिक मोर्ली यांनी सुरू केली. ते मेक्का नावाच्या, नृत्यगृहं चालवणाऱ्या कंपनीत काम करत होते. 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'च्या निमित्ताने गर्दी खेचायला काढलेली ती बिकिनी स्पर्धा होती. १९५९ मध्ये बीबीसीने ती टीव्हीवर दाखवली आणि तिचं रूपच बदललं. आज ती संस्था मोर्लींच्या पत्नी ज्युलिया मोर्ली चालवतात. मिस युनिव्हर्स ही वेगळी मालमत्ता. १९९६ ते २०१५ ती डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे होती. २०२२ मध्ये थायलंडमधल्या एका कंपनीने ती विकत घेतली. घर विकावं तशी स्पर्धा विकली जाते, एवढं लक्षात ठेवा.

या जागतिक कंपन्या प्रत्येक देशात कोणाला तरी परवाना देतात. आपल्याकडे मिस वर्ल्डसाठी मुलगी पाठवण्याचा हक्क टाइम्स समूहाच्या फेमिना मिस इंडियाकडे आहे. फेमिनाची ही स्पर्धा १९६४ पासूनची. मिस युनिव्हर्सचा हक्क मात्र हात बदलत आला आहे. पूर्वी तोही फेमिनाकडे होता, मध्ये काही वर्षं सुश्मिता सेन यांच्या 'आय अॅम शी' स्पर्धेकडे होता, नंतर टाइम्सच्या मिस दिवाकडे, आणि २०२४ पासून ग्लॅमानंद समूहाकडे आहे. देशपातळीवरचा परवानाधारक मग खाली राज्यांची पायरी बांधतो.

म्हणजे खरी साखळी अशी: जागतिक मालक, देशाचा परवानाधारक, आणि त्याने मान्य केलेली राज्याची फेरी. या साखळीबाहेर कोणीही हॉल भाड्याने घेऊन खांद्यावरचा आडवा पट्टा छापू शकतो आणि त्यावर राज्याचं नाव लिहू शकतो. एकाच वर्षी एकाच राज्याच्या चार-पाच 'मिस' असल्या तरी कायद्याने काही बिघडत नाही. म्हणून कोणी म्हणालं की अमकी मिस कर्नाटक झाली, तर पुढचा प्रश्न विचारायचा: कोणाची?

राज्याचा पट्टा आला कुठून

पायऱ्या पूर्वीही होत्या. १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झालेली रीटा फारिया ही गोव्याच्या कुटुंबातली, मुंबईत जन्मलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकीचं शिकणारी मुलगी. ती आधी मिस बॉम्बे झाली, मग 'ईव्हज वीकली' या साप्ताहिकाची मिस इंडिया आणि मग लंडनला मिस वर्ल्ड. मिस वर्ल्ड होणारी ती आशियातली पहिली. म्हणजे शहर, देश, जग अशी शिडी साठ वर्षांपूर्वीही होती. फक्त तेव्हा ती मासिकांच्या आणि जिमखान्यांच्या जगात होती.

राज्यांची नावं ठळकपणे पुढे आली २०१७ मध्ये. त्या वर्षी फेमिनाने रचना बदलली आणि दिल्ली धरून ३० राज्यांतून एकेक मुलगी घेतली. त्या वर्षी हरियाणाचा पट्टा घातलेली मानुषी छिल्लर जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या सान्या शहरात मिस वर्ल्डही झाली.

हा बदल का केला असेल, याचा विचार टीव्हीच्या बाजूने करून पाहा. तीस अनोळखी मुली पडद्यावर आल्या तर प्रेक्षक कोणाच्या बाजूने बसणार? खांद्यावर आपल्या राज्याचं नाव दिसलं की घरातली आजीसुद्धा म्हणते, 'बघू आपली कुठवर जाते.' स्थानिक वर्तमानपत्रात बातमी येते. लहान शहरांतली दुकानं, कपड्यांचे ब्रँड, क्लिनिकं यांना जाहिरातीचं निमित्त मिळतं.

आता आपल्यासारख्या, राज्यांच्या सीमा ओलांडून राहणाऱ्या माणसांच्या कामाची गोष्ट. २०२२ मध्ये कर्नाटकाचा पट्टा घालून मिस इंडिया झालेली सिनी शेट्टी मुंबईत जन्मली आणि मुंबईतच वाढली. कुटुंब मूळचं कर्नाटकातलं. यात फसवणूक काही नाही. स्पर्धेत राज्य म्हणजे मतदारसंघ नसतो, ती कार्यक्रमातली एक खुर्ची असते. जन्म, वास्तव्य, मूळ गाव, यांतल्या कुठल्या नात्याने त्या खुर्चीवर बसता येतं हे आयोजकांचे त्या वर्षीचे नियम ठरवतात. निपाणीच्या घरातली, बेंगळुरूत वाढलेली मुलगी कोणत्या राज्याची, हा प्रश्न आपल्याकडे किती तापतो ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे तो फॉर्मवरच्या एका रकान्यात मिटतो.

मराठीत वर्तमानपत्राने चालवलेली स्पर्धाही आहे, 'महाराष्ट्र टाइम्स'ची श्रावणक्वीन. शहरांच्या फेऱ्या, मग महाअंतिम फेरी, हा साचा तोच.

निवड खरी कुठे होते

टीव्हीवर आपण पाहतो तो शेवटचा तास-दोन तास. निवडीचं मोठं काम त्याआधीच झालेलं असतं.

सुरुवात फॉर्मपासून. वय, उंची, अविवाहित असणं, नागरिकत्व या अटी असतात. फेमिना पूर्वी ५ फूट ५ इंच उंची मागायची, अलीकडे ती अट ५ फूट ३ इंचांवर आली. आमच्या शेजारची मुलगी ५ फूट ४ इंच आहे. काही वर्षं आधी जन्मली असती तर फॉर्मच्या पहिल्या रकान्यातच बाद झाली असती. दोन इंचांनी तिच्यासारख्या कितीतरी मुलींना दार उघडलं.

मग फोटो, मेकअपशिवायचे फोटो, ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ, आणि त्यातून निवडलेल्यांची प्रत्यक्ष ऑडिशन. त्यातून राज्याची विजेती. मग देशभरच्या तीसेक मुली एका शहरात एकत्र आणून शिबिर होतं. चालणं, बोलणं, केस, दात, व्यायाम, कॅमेऱ्यासमोर उभं राहणं, सगळ्याचा सराव. याच काळात छोट्या उपस्पर्धा होतात: उत्तम हास्य, उत्तम त्वचा, कलागुण, वगैरे. पाहणाऱ्याला वाटतं की ही बक्षिसांची खैरात आहे. पण प्रत्येक उपपदवीमागे एखादा प्रायोजक उभा असू शकतो. दातांचं काम करणारा हास्याची पदवी देतो, क्रीम विकणारा त्वचेची.

या शिबिरात परीक्षक मुलींशी एकेकटीने बोलतात. अंतिम रात्री तीसच्या पंधरा-दहा, मग पाच, मग तीन होतात, पण पहिल्या चाळणीचे गुण बहुतेक वेळा आधीच लागलेले असतात. मंचावर नव्याने तोललं जातं ते उरलेल्या चार-पाच जणींना. तिथेही शेवटचा काटा म्हणजे प्रश्नोत्तर.

या प्रश्नोत्तराची गंमत बघा. नागपूरची मधू सप्रे, मैदानावर घडलेली मुलगी, १९९२ मध्ये बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या अंतिम तिघींत होती. प्रश्न आला: देशाची प्रमुख झालीस तर सर्वांत आधी काय करशील? ती म्हणाली, खेळाच्या सोयी उभारीन, मैदान बांधीन, कारण गरिबी वर्ष-दोन वर्षांत हटणार नाही. उत्तर प्रामाणिक होतं. ती तिसरी आली आणि मुकुट नामिबियाच्या मुलीला मिळाला. त्या उत्तरानेच मुकुट गेला असं आजही बोललं जातं. पंचवीस वर्षांनी मानुषीला विचारलं गेलं, सर्वांत जास्त पगार कोणत्या कामाला मिळावा? ती म्हणाली, आईच्या कामाला. मुकुट मिळाला.

दोन्ही उत्तरं समोर ठेवली की परीक्षा कशाची आहे ते कळतं. इथे धोरण विचारत नाहीत. अर्ध्या मिनिटात, हजारो लोकांसमोर, कोणालाही न दुखावता, सभागृहाला आपलंसं करता येतं का, हे पाहतात. पुढे वर्षभर प्रायोजकांच्या मंचावर तिला तेच करायचं असतं.

यावरून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सुश्मिता सेन आणि लारा दत्ता यांचे वडील हवाई दलातले. प्रियांका चोप्राचे आईवडील दोघंही लष्करातले डॉक्टर. गुल पनाग आणि सेलिना जेटली लष्करी अधिकाऱ्यांच्या मुली. नेहा धुपियाचे वडील नौदलातले. फौजेतल्या मुली जास्त सुंदर असतात का? मुळीच नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवी शाळा, नव्या वर्गात उभं राहून 'माझं नाव अमुक, मी तिथून आले' असं सांगणं. लहानपणापासून सौंदर्यस्पर्धेची पहिली फेरी त्या दर बदलीला देत असतात. जोडीला इंग्रजी आणि क्लबातलं वावरणं. ही शिदोरी निपाणीच्या मुलीकडे नसते, आणि ग्रूमिंगचा बाजार याच उणिवेवर उभा आहे.

परीक्षकांबद्दलही अनुभवाचं सांगतो. छावण्यांमधल्या क्लबांत 'मे क्वीन'चा जलसा असायचा. तंबोला, नाच, आणि शेवटी एका मुलीच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. मी तरुण कॅप्टन असताना एकदा मला परीक्षक म्हणून बसवलं. छावणी कुठली ते विचारू नका. आम्ही तिघे एकाच सोफ्यावर. गुणांचा कागद एकच. पाचव्या मुलीपर्यंत आम्ही एकमेकांचे चेहरे बघून गुण देऊ लागलो होतो, आणि रांगेत एका वरिष्ठांची भाची होती. निकाल काय लागला असेल ते तुम्ही ओळखलंच. त्या दिवसापासून कुठल्याही स्पर्धेत मी आधी हे बघतो की परीक्षक वेगवेगळे गुण देतात का, आणि बेरीज कोण करतं.

टीव्हीचा हिशेब

आता पैशाकडे येऊ. २०१७ च्या स्पर्धेचं पूर्ण नाव होतं 'एफबीबी कलर्स फेमिना मिस इंडिया'. एफबीबी हा कपड्यांचा ब्रँड, कलर्स ही वाहिनी. २०२० मध्ये नावाआधी व्हीएलसीसी आलं. मुकुटाच्या नावाआधी प्रायोजकाचं नाव येतं, ते उगाच नाही. मुख्य प्रायोजक, सहप्रायोजक, कपडे, दागिने, हॉटेल, मेकअप, प्रवास, सगळ्यांचे करार असतात. कार्यक्रम अनेकदा एका दिवशी होतो आणि कापून-जोडून नंतर दाखवला जातो, मध्ये सिनेतारकांचे नाच घालून. निकालाची बातमी मात्र त्याच रात्री फुटलेली असते.

पण 'टीव्हीवर दाखवणार' या शब्दांचे दोन अर्थ होतात. एक, वाहिनीला कार्यक्रम हवा आहे म्हणून ती पैसे घालते किंवा प्रायोजक आणते. दोन, आयोजकाने एखाद्या लहान वाहिनीवरचा अर्धा तास पैसे मोजून विकत घेतला आहे. रविवारी सकाळी आयुर्वेदिक तेलाचे कार्यक्रम लागतात, तसा. दोन्ही प्रकार खरोखर टीव्हीवर दिसतात, त्यामुळे दुसऱ्याला खोटं म्हणता येत नाही. पण तो अर्धा तास कोणाच्या पैशाने घेतला, हे विचारलं तर उत्तर बऱ्याचदा मुलींच्या आईवडिलांपाशी येऊन थांबतं.

मुकुटानंतरचा करार

जिंकणं म्हणजे बक्षीस, असं आपण मानतो. प्रत्यक्षात ती नोकरीची सुरुवात असते. विजेती करारावर सही करते. ठरलेल्या काळात ती कुठे दिसेल, कोणत्या ब्रँडसाठी काम करेल, कोणासाठी करणार नाही, कमाईतला वाटा कोणाचा, लग्न करता येईल का, हे त्यात लिहिलेलं असतं.

हा काळ लांबूही शकतो. सिनी शेट्टी जुलै २०२२ मध्ये जिंकली. तिची मिस वर्ल्ड झाली मार्च २०२४ मध्ये, मुंबईला. वीस महिने. तिथे ती पहिल्या आठांत आली. तिच्यानंतरची नंदिनी गुप्ता एप्रिल २०२३ मध्ये इंफाळला जिंकली आणि जागतिक मंचावर उभी राहिली मे २०२५ मध्ये, हैदराबादला. पंचवीस महिने. वेळापत्रक लंडनला ठरतं. विशीतल्या मुलीच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे एक पदव्युत्तर शिक्षण.

आणि वर्ष आपलं राहत नाही. रीटा फारिया जिंकल्यावर महिन्याभरातच, १९६६ च्या नाताळात, अमेरिकन विनोदवीर बॉब होपच्या ताफ्याबरोबर व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांसमोर उभी होती. त्या युद्धाला आपल्या देशाचा पाठिंबा नव्हता. मुंबईच्या मेडिकल कॉलेजातली मुलगी एका पट्ट्यामुळे महासत्तेच्या युद्धात मनोरंजनाला पोचली. वर्ष संपल्यावर तिने सिनेमाकडे पाठ फिरवली, लंडनला जाऊन वैद्यकीय शिक्षण पुढे चालवलं आणि डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं. मुकुट कधी उतरवायचा हे तिने स्वतः ठरवलं. ती हिंमत मला मुकुटापेक्षा मोठी वाटते.

बेंगळुरू, नोव्हेंबर १९९६

आमच्या शहराला या विषयाची आठवण वेगळीच आहे. २३ नोव्हेंबर १९९६. मिस वर्ल्ड स्पर्धा चिन्नास्वामी स्टेडियमवर झाली, माझ्या आजच्या घरापासून सात-आठ किलोमीटरवर. आयोजक होती अमिताभ बच्चन यांची एबीसीएल कंपनी. देशाचे पंतप्रधान देवेगौडा, कर्नाटकाचे मुख्यमंत्री जे. एच. पटेल. मी तेव्हा दूर सीमेवर होतो. आम्ही मेसमध्ये बातम्या बघायचो तर आमच्याच देशातल्या एका शहरात हजारो पोलीस एका सौंदर्यस्पर्धेसाठी उभे!

विरोध सगळ्या बाजूंनी होता. शेतकरी संघटना, हिंदुत्ववादी पक्ष, डाव्या विचारांच्या महिला संघटना, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे. कोणी म्हणत होतं संस्कृती बुडते, कोणी म्हणत होतं बाईचा बाजार मांडलाय, कोणी म्हणत होतं परदेशी कंपन्यांचा माल खपवण्याचा हा मार्ग आहे. प्रकरण न्यायालयात गेलं. पोहण्याच्या पोशाखाची फेरी भारताबाहेर सेशेल्स बेटांवर हलवली गेली. मदुराईत एका तरुणाने निषेधापायी स्वतःला पेटवून घेतलं आणि त्यात त्याचा जीव गेला. शेवटी ८८ देशांच्या मुली मंचावर आल्या, ग्रीसची इरेन स्क्लीव्हा जिंकली आणि बेंगळुरूचीच राणी जयराज पहिल्या पाचांत आली. एबीसीएलला या सोहळ्याने मोठा आर्थिक फटका दिला.

आज मागे वळून पाहताना एक गोष्ट खटकते. महिनाभर सगळा देश पोशाखावर भांडत होता. त्या ८८ मुलींनी कशावर सही केली आहे, त्यांच्या वर्षाचा मालक कोण, हरल्यावर त्यांचा खर्च कोणाच्या अंगावर, हे ना विरोधकांनी विचारलं, ना समर्थकांनी. पुढे मिस वर्ल्डने ती पोशाखाची फेरी स्वतःच बंद केली, २०१४ च्या अखेरीस तशी घोषणा करून. ज्यावरून एवढं रान पेटलं ते आपोआप गेलं. करार आणि परवाने मात्र आहेत तिथेच आहेत.

एकच कसोटी

आता मुलीच्या एसएसबीच्या प्रश्नाकडे परत येतो. सैन्यातल्या अधिकाऱ्यांची निवड करणारं मोठं केंद्र इथे बेंगळुरूतच आहे. तिथे मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे उमेदवाराला वेगवेगळे पाहतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. पहिल्याच दिवशी मोठा गट घरी जातो. उमेदवाराकडून फी घेत नाहीत. उलट पहिल्यांदा येणाऱ्याला प्रवासखर्च देतात, राहायला-जेवायला देतात. प्रत्येक उमेदवारामागे सरकारचा पैसा जातो, म्हणून सरकार चाळणी बारीक लावतं.

यातून मला कसोटी सापडली. कुठल्याही स्पर्धेला विचारा: तू कोणाच्या पैशावर चालतेस? प्रायोजकांच्या आणि वाहिनीच्या पैशावर चालणाऱ्या स्पर्धेला थोड्याच पण चांगल्या मुली हव्या असतात. ती बहुतेकांना नकार देते, कारण प्रत्येक नको असलेली मुलगी तिचा खर्च वाढवते. स्पर्धकांच्या पैशावर चालणाऱ्या स्पर्धेला जास्तीत जास्त मुली हव्या असतात. तिथे प्रत्येक मुलगी उत्पन्न असते, म्हणून ती कोणालाच नकार देत नाही. दोन फोटोंवर आलेलं 'अभिनंदन' हे अशा ठिकाणचं असतं.

लहानसं नोंदणी शुल्क असलं की लगेच चोर म्हणू नका. हॉल, दिवे, माणसं, खर्च असतोच. ग्रूमिंगचे वर्ग लावणंही गैर नाही. ते शिकवणी म्हणून घ्या आणि शिकवणीचे पैसे मोजा. पण निवड आणि शिकवणी एकाच पावतीवर आली की सावध व्हा.

मी आणि त्या मुलीने मिळून पाच प्रश्न लिहून काढले:

१. राष्ट्रीय किंवा जागतिक स्पर्धेचा परवाना तुमच्याकडे आहे का? असल्यास कोणाचा, आणि तो कुठे पाहता येईल?
२. किती अर्ज आले आणि किती मुली निवडल्या?
३. परीक्षक कोण, आणि गुण कोण मोजतं?
४. वाहिनी कोणती, वेळ कोणती, आणि ती वेळ विकत घेतली आहे का?
५. जिंकल्यास ज्या करारावर सही करावी लागेल, त्याची प्रत पैसे भरण्याआधी मिळेल का?

फोन मुलीनेच केला. मी शेजारी बसलो होतो, तोंड बंद ठेवून. वाहिनीचं नाव मिळालं. अर्ज किती, यावर 'खूप' असं उत्तर आलं. परीक्षक 'सेलिब्रिटी' होते. परवान्याच्या प्रश्नावर सांगण्यात आलं की आमची स्पर्धा स्वतंत्र आहे. कराराची प्रत पैसे भरल्यावर मिळेल. आणि शेवटी समोरच्या बाई म्हणाल्या, आज भरलेत तर पाच हजार कमी करू.

मुलीने फोन ठेवला आणि म्हणाली, "काका, एसएसबीवाले कधी डिस्काउंट देतात का हो?"

आरडी मोडली नाही. पण तिने विषयही सोडलेला नाही. आठवं सेमिस्टर संपलं की मोठ्या स्पर्धेचा फॉर्म ती स्वतः भरणार आहे. तोवर रोज सकाळी आमच्या गच्चीवर चालण्याचा सराव असतो. मी आणि आमची सौ. चहा घेत प्रेक्षक. आठवड्यातून एकदा मी तिला अर्ध्या मिनिटाचा प्रश्न टाकतो. ती पास होते, मी कधीकधी नापास. परवा विचारलं, राज्याच्या रकान्यात काय लिहिशील?

"कर्नाटक," ती म्हणाली. "जन्म इथला, रेशनकार्ड इथलं. मराठी मी घरी बोलते, त्याला पट्टा कशाला?"

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातल्या, शेजारच्या मुलीला असा निरोप आला तर आधी तिला हसू नका, आणि आधी पैसेही भरू नका. हे पाच प्रश्न तिच्या हातात द्या आणि फोन तिलाच करू द्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार. जय हिंद.